विजार

एकोणीस वर्षं मी मिस्टर थ्रॅपवुडचे कपडे केले,
कमरेपर्यंत.

त्याखाली कधी कुणी बघितलंच नाही.
ग्रिम्सबीच्या बस स्थानकात, हरवलेल्या सामानाच्या
काउंटरमागे तो उभा: तपकिरी स्वेटर,
तिसरं बटण वेगळ्याच जातीचं,
खिशाला तीन पेनं, तिन्ही कोरडी.
लोक यायचे, छत्री मागायचे.
मूठ कशी होती?
काळी.
काळी म्हणजे कशी काळी?
बावीस मिनिटं संपायची, छत्री मिळायची नाही.
एवढाच विनोद.
एवढ्यासाठी शुक्रवारी घरोघरी चहा गार व्हायचे.

काउंटरखाली डेन्झिल घरच्या सपाता घालायचा,
निळ्या पट्ट्यांचा पायजमा,
आणि जानेवारीत दोन पावलांच्या मध्ये
माझीच गरम पाण्याची पिशवी.
हे मला ठाऊक, कॅमेरावाल्या इफानला ठाऊक,
आणि स्टुडिओतल्या मांजराला.

आता सिनेमा निघाला.
लंडनहून तीन माणसं आली, एकाच्या पायात मोजे नव्हते.
म्हणाली, पडदा मोठा आहे, याला बाहेर काढू या.
एक सुटकेस, कुणी न्यायला न आलेली,
ती पोचवायला हा लिस्बनला जाईल.
त्याला आई देऊ, लहानपण देऊ,
शेवटी समुद्रासमोर थोडं रडणं देऊ.

मी विचारलं, विजार कुठली देऊ?

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

अकरा विजारी आणल्या.
करड्या फ्लॅनेलमध्ये तो बँकेचा मॅनेजर झाला,
कॉर्डरॉयमध्ये भूगोलाचा मास्तर,
काळीत तर थेट कुणाच्या तरी मयताला निघाला.
एकाहत्तर वर्षांचा डेन्झिल आरशासमोर उभा,
हळूच म्हणतो, ग्लेनिस, हा चालतो कसा गं?

वस्तूंना पाय फुटतात म्हणतात.
फुटले, आणि सगळ्या चालत याच्याकडेच आल्या,
हातमोजे, कवळ्या, एकदा तर एक ट्रॉम्बोन.
याला मात्र आम्ही कुणी पाय दिलेच नव्हते.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल,
पण अंथरूणच कुणी चाळीस फुटांचं करून
म्हणालं, हं, आता पसर, तर?

शेवटी ग्रिम्सबीलाच गेले, खऱ्या स्थानकात.
वर्षातून एकदा तिथं बेवारस सामान विकतात.
दोन पौंडांना मिळाली:
ना धड तपकिरी, ना धड हिरवी,
डावा पाय उसवून कुणीतरी अर्धा इंच वाढवलेला,
टाके पुरुषाच्या हातचे.
डेन्झिलनं ती चढवली
आणि चहाच्या टेबलापर्यंत गेला,
डावं पाऊल किंचित मागे ठेवत,
जणू कुणी हाक मारेल म्हणून.
इफानच्या हातातलं बिस्किट कपात पडलं.
कुणी काही बोललं नाही.

डॉनकास्टरला पहिल्यांदा लोकांना दाखवला.
लिस्बनला लोक खोकले.
समुद्राला दोघं उठून गेले.
पण त्याआधी, सुरुवातीला,
तो काउंटरची फळी वर करतो,
थांबतो,
पुन्हा खाली करतो,
पुन्हा वर करतो,
आणि बाहेर येतो.
माझ्या मागून एक बाई मोठ्यानं म्हणाली,
अगं बाई, याला पाय आहेत!
अर्धं थिएटर हसलं.
उरलेल्या अर्ध्याचं मला सांगता येणार नाही,
मी फक्त तो डावा काठ बघत होते,
तिथं एक दोरा सुटला होता
आणि पडद्यावर तो नांगराच्या दोराएवढा दिसत होता.

कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी अंधारात
तो माणूस बसला असेल, ज्याची ही विजार.
त्यानं ओळखली असेल. आपले टाके कोण विसरतं?
बायकोला कोपरानं ढोसलंही असेल.
पण सिद्ध कसं करणार?
ती कशी होती?
तपकिरी.
तपकिरी म्हणजे कशी तपकिरी?

पुरावा माझ्याकडे आहे, मागच्या खिशात सापडला:
क्लीथॉर्प्स ते ग्रिम्सबी, एक तिकीट,
एकेरी.